किताउरा संघाचा हमीदार

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
सोमवार, २७ जानेवारी १९८६

हेमू,

तुमच्या मॅनेजरांचा, ओकुदासाहेबांचा कागद शनिवारी आला. नऊ सामने झाले, दोन जिंकलात, सात हरलात. आठ संघांत आठवे. त्यांनी नेहमीच्या अदबीनं लिहिलंय, "आपल्या चिरंजीवांनी नेटवर पराकाष्ठा केली, तरी निकाल अपेक्षेस उतरला नाही, क्षमा असावी." सामने तुम्ही हरायचे आणि क्षमा माझी मागायची, ही तुझ्या कंपनीची रीत मला फार आवडते. नोकरीला लागताना ज्यानं हमी दिली, त्याला सगळं कळलं पाहिजे. ब्याऐंशी साली तू ते हमीपत्र पुढे सरकवलंस आणि मी इथे लेकीच्या घरी, सुनेत्राच्या किचनमध्ये, काउंटरपाशी उभ्यानंच सही केली. मी बोललो नाही, तूही बोलला नाहीस. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून व्हॉलीबॉलच्या चेंडूमागे जपानला चाललेल्या मुलाशी काय बोलायचं, मला सुचलं नव्हतं. तेव्हापासून तुझी खुशाली मला संघाच्या निकालांतून कळते. पाचवे आलात त्या साली तू बरा असणार, सातवे आलात तेव्हा चिडलेला असणार.

कागदाच्या माथ्यावर संघाचा इतिहास दर वेळी तोच छापलेला असतो. लहानपणी कविता पाठ व्हायच्या तसा तो मला पाठ झालाय. एकोणपन्नास साली किताउरा यंत्रमाग कारखान्याच्या अंगणात नऊ कामगार जमले, बंदरावरून जुनं जाळं आणून त्यांनी दोन खांबांना बांधलं. तेव्हा तिकडे नऊ-नऊ जण खेळायचे. आम्हीही साताऱ्याच्या शाळेत नऊच खेळायचो. मी मागच्या रांगेत, चेंडूपेक्षा अजिंक्यताऱ्यावरचे ढग जास्त बघणारा. सदुसष्ट साली लीगमध्ये प्रवेश. एकाहत्तरला अजिंक्यपद, ते एकदाच. (त्या वर्षी आपल्या घरी काय झालं, ते तुला सांगायला नको.) अठ्ठ्याहत्तरला खालच्या वर्गात, एक्याऐंशीला पुन्हा वर. परवा चालायला गेलो होतो तेव्हा त्याचा आपोआप अभंगच झाला:

मागांच्या अंगणी, नऊ जण आले,
जाळे ते बांधले, कोळियाचे.
जिंकले एकदा, हरले ते फार,
उघडती दार, रोज पुन्हा.

आमचे गुरुजी असते तर म्हणाले असते, "बरं आहे. बस खाली."

आता सहज म्हणून विचारतो. तुझ्या पाठीत दुखतं का? खांद्यांच्या मधोमध? उड्या मारताना धाप लागते ती लवकर उतरते ना? कंपनीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून कधी नीट ऐकलंय का? दोन ओळी लिही. साध्या कार्डावर लिही. नुसतं "नाही" लिहिलंस तरी मला चालेल.

शुक्रवारी तिकडेच कुठेतरी, सामना चालू असताना, एक अमेरिकन खेळाडू मुलगी बाकावर बसली आणि कोसळली. इथल्या पेपरात आलंय. हृदय बंद पडलं म्हणतात. खूप उंच होती. तो पेपर मला रद्दीतही टाकवेना आणि पुन्हा उघडवेनाही. तो माझ्या गादीखाली आहे.

तुझा,
नाना


सोमवार, ३ फेब्रुवारी १९८६

हेमू,

गेला आठवडाभर इथे टीव्हीवर ते अवकाशयान फुटताना दाखवत होते. तुझ्या भाच्याच्या शाळेत मुलांना वर्गात बसवून उड्डाण दाखवलं होतं; पोरगा घरी आला तो जेवेचना. त्या गदारोळात त्या खेळाडूची बातमी सगळे विसरले. मी विसरलो नव्हतो. आणि आता तर मला दुसरं काही सुचत नाही.

शनिवारी सुनेत्रानं हळदीकुंकू केलं. उशिरानं, पण इथे सगळे सण शनिवारीच येतात. उत्तरा आली होती. तू तिला ओळखत नाहीस. गेल्याच वर्षी प्लेन्सबरोला राहायला आली, हार्टची डॉक्टर आहे, नागपूरची. पाणी प्यायला किचनमध्ये आली आणि फ्रिजवरच्या फोटोसमोर थांबली. तुमच्या संघाचा, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून तू उभा आहेस तो.

"काका, हा तुमचा मुलगा?"

"डावीकडून तिसरा. सांगायला नकोच म्हणा, डोकं वर निघालंय."

"हात किती लांब आहेत याचे."

"आमच्याकडे म्हणायचे, याला आंबे उतरवायला आकडी नको."

ती हसली नाही. म्हणाली, "याच्या आईची उंची किती होती?"

मी सांगितलं. आमच्या लग्नात लोक वधूच्या उंचीबद्दलच बोलत होते, हेही सांगितलं. मला वाटलं, गप्पा चालल्यात.

"चष्मा होता?"

"जाड. आणि एका डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकलंय, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पेटी वाजवायची तेव्हा बोटं इकडून तिकडे सहज पोचायची. पण सुरांची वही नाकाला लावायची."

"आणि काका, त्या गेल्या कशानं?"

"हार्ट."

"वय?"

"एक्केचाळीस."

"छातीत दुखलं होतं, का पाठीत?"

हेमू, पंधरा वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "पाठीत. खांद्यांच्या मधे. म्हणाली, आतून कुणीतरी टरकावतंय." तू तेव्हा अंगणात होतास, तुला हे ठाऊक नाही.

उत्तरानं पेला ओट्यावर ठेवला. बाहेर बायका उखाणे घेत होत्या, त्यांचा हसण्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, "काका, फोटोवरून निदान करायचं नसतं आणि मी करत नाहीये. पण त्याला एक एको करून घ्यायला सांगा. नंतर कधीतरी नाही. आत्ता."

त्या आजाराला मार्फन म्हणतात. आईकडून मुलाकडे येतो. प्रत्येकाकडे येतोच असं नाही, निम्म्यांकडे येतो. माणूस उंच, सडपातळ, लांब बोटांचा होतो, देखणाही दिसतो. आणि हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतल्या आत फुगत जाते. दुखत नाही, खुपत नाही. एक दिवस जोराचं काम करताना ती फाटते. एवढंच उत्तरानं सांगितलं. पुढचं तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सुनेत्रा माझ्यावर गेली, बुटकी. तिला उत्तरानं जाता जाता तपासलं, "तू नाहीस त्यातली" म्हणाली. सुनेत्रा बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली होती.

एको म्हणजे सुई नाही, काही नाही. छातीवर थंड मलम लावून एक यंत्र फिरवतात. अर्धा तास. तेवढं कर. मला पत्र लिहू नकोस, फोन करू नकोस, पण तेवढं कर.

नाना


मंगळवार, ११ फेब्रुवारी १९८६

हेमू,

आज सकाळी तुझा फोन ठेवल्यापासून मी तो मनात पुन्हा पुन्हा ऐकतोय. चार वर्षांनी तुझा आवाज. खाली उतरलाय, तुझ्या आजोबांसारखा झालाय. तू काय काय म्हणालास ते मी इथे लिहून काढतो, म्हणजे माझ्याकडून काही सुटलं नाही ना, हे तुलाही दिसेल.

तू म्हणालास, "नाना, दोन्ही पत्रं मिळाली. आय ॲम फाइन."

मी विचारलं, "एको केलास?"

"एप्रिलमध्ये कंपनीचं चेकअप असतं."

"एप्रिल नको. या आठवड्यात."

"नाना, लिसन. आम्ही लास्ट आहोत. सोळा मार्चला टिकायची मॅच आहे. हरलो तर खालच्या वर्गात, आणि या वेळी कंपनी टीमच बंद करणार, सगळ्यांना माहितीये. मधला ब्लॉकर दुसरा कोण नाहीये. आत्ता डॉक्टरकडे गेलो आणि काही निघालं, तर त्याच दिवशी मला डेस्कवर बसवतील. लूमचे स्पेअर पार्ट मोजायला."

"मग मोज. मोजायला बसलेला मुलगा मला चालेल."

"दॅट्स नॉट फनी."

"मी विनोद करत नाहीये, हेमू. पाठीत दुखतं का?"

तू लगेच उत्तर दिलं नाहीस. माझा जीव त्या थांबण्यात अडकलाय. मग तू म्हणालास, "सगळ्यांचीच दुखते. आम्ही उड्या मारतो दिवसभर." आणि नंतर, "सोळा मार्चनंतर मी कुठलीही टेस्ट करतो. पण ओकुदासानना लिहायचं नाही. प्रॉमिस मी."

मी म्हणालो, लाइन नीट ऐकू येत नाहीये. लाइन चांगली होती. तुझ्यामागे कुणीतरी भांडी विसळत होतं, तेसुद्धा ऐकू येत होतं.

संध्याकाळी टेबलावर हाच विषय. तुझा मेहुणा गिरीश म्हणाला, "नाना, तो पंचवीस वर्षांचा आहे. इट्स हिज डिसिजन. तुम्ही त्याच्या बॉसला लिहिलंत तर तो आयुष्यात तुमच्याशी बोलणार नाही."

सुनेत्रा पोळी लाटता लाटता म्हणाली, "आत्ता कुठे बोलतोय?"

"मी प्रिन्सिपल सांगतोय."

"तुझं प्रिन्सिपल फ्रिजमध्ये ठेव. नाना, तुम्ही लिहिणार आहात का मी लिहू?"

पण तिनं लिहून चालणार नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तुझ्या कंपनीत बहीण कोण लागत नाही, डॉक्टर उत्तराही कोण लागत नाही. हमीदार म्हणजे मी. त्यांच्या रिवाजाप्रमाणे तुझ्याबद्दल त्यांच्या दाराची कडी वाजवायचा अधिकार फक्त मला आहे. आणि तू तर तोच अधिकार वापरू नका म्हणतोस.

हेमू, मी ओकुदासाहेबांना लिहिणार आहे. तू काय गमावशील, हे मला कळतं. तुझ्या संघाचा सगळा इतिहास मला पाठ आहे, हे विसरू नकोस. तो बंद पडावा असं मला वाटत नाही. पण त्या इतिहासात तुझ्या नावापुढे जन्मसालानंतर दुसरं साल छापून यावं, हे मला सहन होणार नाही.

नाना


मंगळवार, ४ मार्च १९८६

हेमू,

काल ओकुदासाहेबांचं उत्तर आलं आणि तेव्हापासून मी धड बसलेलो नाही.

मी त्यांना काय लिहिलं होतं, ते आधी सांगतो. इंग्रजीत तीन पानं लिहिली. ऋतुमानाबद्दल, किताउराच्या परंपरेबद्दल, एकाहत्तरच्या अजिंक्यपदाबद्दल. आणि शेवटी: "माझ्या मुलाची आई नाजूक प्रकृतीची होती व अकाली गेली. मुलाची प्रकृतीही तिच्या वळणावर गेली आहे. आपण त्याला आपल्या मुलाप्रमाणे जपावे, ही विनंती." लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. फार चांगलं जमलंय असं वाटलं होतं. सुनेत्राला दाखवलं नाही, कारण ती म्हणाली असती, नाना, सरळ लिहा.

आपल्याकडे सरळ लिहीत नाहीत. माणूस गेला तरी तारेत "प्रकृती गंभीर, त्वरित निघा" एवढंच. आजाराचं नाव घ्यायचं नाही, लेखी तर नाहीच. अशुभ कागदावर उतरवलं की ते घरात येतं, असं माझी आई म्हणायची. मी अडुसष्ट वर्षं तसाच लिहीत आलो. कुणाला कॅन्सर झाला तर "पोटाचं दुखणं", कुणाला वेड लागलं तर "हवापालटासाठी गेले". आणि वाचणाऱ्याला कळायचं. ओकुदासाहेबांना कसं कळणार?

त्यांचं उत्तर वाच. "पित्याचे हृदय आम्हास कळले. आपल्या चिरंजीवांची प्रकृती बळकट करणे हे आम्ही आमचे कर्तव्य मानतो. भोजनगृहास त्यास रोज जास्तीची मासळी व अंडी देण्यास सांगितले आहे. कर्णधार स्वतः त्यास पहाटे बंदरापर्यंत धावावयास नेतो. आपला विश्वास सार्थ करण्यासाठी प्रशिक्षकांनी सोळा मार्चच्या सामन्यात त्यास पाचही सेट खेळविण्याचे ठरविले आहे."

मी त्यांना जपा म्हणालो, आणि ते तुला जपताहेत. माझ्या शब्दाला मान देऊन तुला पहाटे पळवताहेत. मी काहीच लिहिलं नसतं तर तू निदान पळत नसतास.

सुनेत्रानं दोन्ही पत्रं वाचली. ओरडली नाही. "आता काय करायचं?" एवढंच विचारलं. गिरीशनं तुझ्या हॉस्टेलला फोन लावला, तर वॉर्डन फक्त जपानी बोलणारा. "हेमू-सान" एवढंच कळत होतं, बाकी काही नाही. आता साधं पत्र टाकलं तर सामन्याआधी पोचेल का नाही, कोण जाणे. शेवटी गिरीश म्हणाला, "माझ्या ऑफिसात टेलेक्स आहे. थेट कंपनीत जाईल. पण नाना, या वेळी कविता नको."

आम्ही तिघं त्याच्या ऑफिसात गेलो. यंत्रावर बसणारी बाई, मिसेस कोवाल्स्की, चष्म्यावरून माझ्याकडे बघत थांबली. मी "पूज्य ओकुदासाहेब" म्हणून सुरुवात केली. सुनेत्रानं माझ्या हातावर हात ठेवला. मी परत सुरुवात केली. असं पाठवलं:

"माझ्या मुलाला हृदयाचा मार्फन आजार असण्याची शंका आहे. त्याची आई त्यानं मेली. त्याला धावू देऊ नका. खेळू देऊ नका. आजच हृदयाचा एको करा. खेळला तर मरू शकेल. हमीदार, वडील."

मिसेस कोवाल्स्कीनं टाइप केलं, वाचून दाखवलं. "मेली" हा शब्द मी तुझ्या आईबद्दल कधी उच्चारला नव्हता. गेली, वारली, देवाघरी गेली, सगळं म्हटलं. ते तिच्या यंत्रातून खडखड करत गेलं आणि मी टेबलाला धरून उभा राहिलो. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाली, तिचा मुलगा ट्रक चालवतो आणि ती रोज भिते.

तुला खरं सांगतो, मला आता दोन गोष्टींची भीती वाटते. त्यांनी वाचून ऐकलं नाही याची. आणि ऐकलं याची.

नाना


बुधवार, १९ मार्च १९८६

हेमू,

ओकुदासाहेबांचे दोन टेलेक्स आले. पहिला आठ तारखेचा. तुला सक्तीनं शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तू गाडीत एक शब्द बोलला नाहीस. रक्तवाहिनी असायला हवी त्याच्या जवळजवळ दुप्पट फुगलेली निघाली. तिकडच्या डॉक्टरांनी कर्णधाराला बोलावून सांगितलं, की त्या पहाटेच्या धावण्यात ती फाटली नाही याचं त्यांना नवल वाटतं. ओकुदासाहेबांनी हे शब्दशः कळवलंय. ते आता माझ्याशी माझ्यासारखंच सरळ लिहायला लागलेत आणि मला ते वाचवत नाही.

दुसरा काल आला. सोळा मार्च. दोन विरुद्ध तीन. शेवटचा सेट बारा-पंधरा. तू कंपनीचं जॅकेट घालून बाकावर बसला होतास आणि तुझ्या जागी एकोणीस वर्षांचा नवा मुलगा खेळला. संघ खालच्या वर्गात गेला. एकतीस मार्चला कंपनी तो विसर्जित करणार. खाली लिहिलंय, "निकालाबद्दल क्षमा असावी." या माणसानं माझा मुलगा वाचवला आणि तोच क्षमा मागतोय.

तू सुनेत्राला फोन केलास. माझ्याशी बोलायचं नाही म्हणालास. मी शेजारीच उभा होतो. तिनं निरोप मला हातचा न राखता सांगितला, आता आमच्या घरात तशीच रीत पडलीय. तू म्हणालास, "नानांना सांग, तीन गुण कमी पडले. ते तीन माझ्या हातात होते. सदतीस वर्षांची टीम त्यांनी बंद पाडली."

असतील तुझ्या हातात. मी वाद घालत नाही. तुझा ब्लॉक मी कधी पाहिलेला नाही, पण त्या तीन गुणांवर माझा विश्वास आहे.

आता पुढचं ऐक. उत्तरानं ह्यूस्टनला बोलून ठेवलंय. तिथे हे ऑपरेशन करणारे सर्जन आहेत. फुगलेला भाग कापून काढतात आणि तिथे कापडाची नळी शिवतात. गिरीशचा चुलतभाऊ राजीव तिथेच जवळ, शुगर लँडला राहतो, त्यानं वरची खोली रिकामी केलीय. मी उत्तराला विचारलं, "यातून किती जण उठतात?" पूर्वी मी असं विचारलं नसतं. तिनंही आकडा सांगितला. बहुतेक उठतात. सगळे नाही. हा "सगळे नाही" घेऊन मी घरभर फिरतोय. सुनेत्रा म्हणते, बसा जरा. बसलो की तो मांडीवर येऊन बसतो.

ओकुदासाहेबांनी तिकीट काढलंय, चोवीस तारखेचं. त्याआधी पोचावं म्हणून हे पत्र गिरीश कुरिअरनं पाठवतोय. तू त्या विमानात बसशील की नाही, हे इथे कुणालाच माहीत नाही. सुनेत्रा म्हणते, तू फोनवर होही म्हणाला नाहीस, नाहीही नाही. तू मनात म्हणत असशील, या म्हाताऱ्यानं माझं सगळं घेतलं, आता छातीही कापायला देऊ? मी तुझ्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो.

म्हणून एवढंच लिहितो आणि थांबतो. मला माफ कर असं मी म्हणणार नाही, कारण उद्या पुन्हा वेळ आली तरी मी तो टेलेक्स पाठवेन. तू माझ्याशी बोलू नकोस. विमानतळावर बोलू नकोस, हॉस्पिटलात बोलू नकोस, शुद्धीवर आल्यावरही तोंड फिरवून पडून राहा. वर्षभर बोलू नकोस. फक्त ते न बोलणं तिकडे राहून करू नकोस. इथे येऊन कर, माझ्यासमोर बसून.

नाना